काशिरामकाकाचं बहिरेपण

नाना, तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावी गेले, ओट्यावरच्या सतरंज्या धुऊन वाळल्या, तुमच्या थोरल्या अक्का काल धुळ्याच्या गाडीत बसल्या, आणि तुमच्याशी बोलायला मला आज कुठे निवांतपणा मिळाला. तसं आपण अठरा वर्षं एका घरात बोलतच होतो. पण सुनेनं सासऱ्याशी बोलायचं म्हणजे निम्मं बोलणं पदराआडून आणि निम्मं जेवायला वाढता वाढता. आज पदर खांद्यावर आहे आणि वाढायला कोणी बसलेलं नाही. तुम्हाला चालेल, हे मला माहीत आहे.

तुम्ही मुळात माझ्या आत्याचे यजमान. लहानपणी मेहरूणला आमच्या घरी तुम्ही आलात की मी तुमच्या खांद्यावर बसून तलावापर्यंत जायची आणि तुमचे कान धरून तुम्हाला वळवायची. मग मी वनस्पतिशास्त्राची बी.एस्सी. झाले आणि मामाची पोरगी हक्काची म्हणून तुमच्या भास्करशी माझं लग्न लागलं. त्या दिवसापासून ज्यांचे कान धरले होते, त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा. पहिल्या सकाळी मी पदर सावरत चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "पोरी, आते मना कान सुटना." तुम्ही हसलात, मीही हसले, आणि आत्या चुलीपाशी खाकरली. आपलं बोलणं तिथून सुरू झालं.

तुम्ही माझ्याशी पहिल्यांदा मन मोकळं करून बोललात ते कापसाबद्दल. एरंडोलहून चार कोसांवरचं आपलं गाव, आणि गावात बियाण्याचा प्लॉट घेणारे तुम्ही पहिले. अर्ध्या एकरात एका जातीच्या ओळी मादीच्या, दुसऱ्या जातीच्या ओळी नराच्या. दुपारी बायका मादीच्या उद्या उमलायच्या कळ्या शोधायच्या, नखानं सोलून आतला पराग काढून टाकायच्या आणि कळीवर लाल कागद चढवायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नराची फुलं खुडून त्यांचा पराग त्या कळ्यांना लावायचा आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा बांधलेल्या बोंडातली सरकी म्हणजे संकरित बियाणं. मी कॉलेजात हे सगळं फळ्यावर पाहिलं होतं. तुमच्या शेतातल्या बायकांची नखं हिरवी झालेली पाहिली तेव्हा मला आमच्या प्राध्यापकांची दया आली.

पण त्या वर्षी तुम्ही घुश्शात होतात. संकरित कापूस आदल्या साली जोरात आला होता आणि तुम्ही मनाशी म्हणालात, हे बियाणं आपणच आपल्या हातानं तयार करतो, मग दरवर्षी पिशवी कशाला आणायची? तुम्ही आपल्याच कापसाची सरकी राखून ठेवलीत आणि ती तीन एकरांत पेरलीत. प्लॉट न करणाऱ्या शेतकऱ्यानं कदाचित आधी कोणाला तरी विचारलं असतं. तुम्हाला वाटलं, यातलं आपल्याइतकं कोणाला कळतं? आणि वर आलं ते काय आलं. एक झाड कमरेएवढं, शेजारचं डोक्याएवढं. एकाला मोठी बोंडं, एकाला सुपारीएवढी. एकाच्या पाकळीच्या बुडाशी तांबडा ठिपका, दुसरं कोरं. बांधावरून जाणारा प्रत्येक जण थांबायचा आणि म्हणायचा, "नाना, आज वावरमा बाजार भरना का?"

तुम्ही ते हसणं सोसलंत, पण कारण कळल्याशिवाय तुम्हाला चैन पडेना. एका सकाळी मी डाळी निवडत होते, तेव्हा तुम्ही जात्यापाशी येऊन बसलात. "पोरी, तू शिकेल शे. सांग माले, बियानं तर तेच व्हतं ना? मंग हाई काबर झायं?"

मी निवडायला घेतलेले उडीद आणि तूर पुढं ओढले. प्रत्येक गुणासाठी झाडाजवळ दोन दाणे असतात, मी म्हणाले, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. समजा उडीद म्हणजे उंच आणि तूर म्हणजे बुटकं. मादीच्या ओळीत दोन्ही उडीद, नराच्या ओळीत दोन्ही तूर. त्यांचं पोर झालं की त्याच्याकडे एक उडीद, एक तूर. उडदापुढं तुरीचं काही चालत नाही, म्हणून सगळी पोरं उंच, एकसारखी. हे तुमचं पहिलं साल. पण तूर कुठं गेलेली नाही, ती आतच आहे. या पोरांची पुन्हा पोरं झाली की कोणाला दोन उडीद मिळतात, कोणाला एकेक, आणि चारांतल्या एखाद्याला दोन्ही तुरी. तिथं पुन्हा बुटकं झाड उभं राहतं. खऱ्या कापसाची उंची एका जोडीवर ठरत नाही, अशा पुष्कळ जोड्या असतात, म्हणून तर तुमच्या शेतात बाजार भरला.

तुम्ही ते दाणे बोटानं इकडून तिकडे सरकवत बसलात. आत्यानं डाळ शिजायला मागितली, तरी तुम्ही उठेनात. मग म्हणालात, "म्हन्जे ती तूर मरेल नही. लपीसन बसेल व्हती." माझी सगळी पदवी तुम्ही एका वाक्यात बसवलीत. पुढे मी शाळेत लागले, दहावीला आनुवंशिकता शिकवू लागले, तेव्हा पुस्तकातल्या वाटाण्याच्या आधी मी मुलांना तुमचं शेत सांगत आले आहे. नाव सांगत नाही. पण एरंडोलची मुलं, त्यांना बरोबर कळतं.

त्यानंतर दोन वर्षांनी दीपक झाला. गुटगुटीत, हसरा, आत्याच्या वळणाचं नाक घेऊन आलेला. तुम्ही त्याला हातात घेऊन म्हणालात, हे नाक मेहरूणचं शे. आत्याला त्याचा किती आनंद झाला होता. माहेरचं नाक नातवाला आलं म्हणून तिनं शेजारीपाजारी साखर वाटली.

दीपक अकरा महिन्यांचा असताना श्रावणात घरी कानबाई देवी बसली. सोमवारी सकाळी विसर्जनाला निघताना आपल्या दारातच ढोल सुरू झाला. पाळण्यापासून चार हातांवर. मी धावत पाळण्याकडे गेले, पोर दचकून रडत असेल म्हणून. दीपक शांत झोपला होता. मी त्याच्या कानाशी टाळी वाजवली, मग पुन्हा वाजवली. मग वर पाहिलं तर दारात तुम्ही उभे होतात, विसर्जनाला निघालेले, डोक्यावर टोपी. तुम्ही ढोलवाल्यांकडे पाहिलंत, पाळण्याकडे पाहिलंत आणि बाहेर गेलात.

धुळ्याच्या कानाच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, जन्मतःच ऐकू येत नाही, औषधानं येणार नाही. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, लग्न नात्यातलं का? भास्करनं मान खाली घालूनच हो म्हटलं. येताना एसटीत मी खिडकीशी बसले होते, दीपक मांडीवर, आणि माझ्या डोक्यात उडीद आणि तूर सुरू झाले. दीपकला दोन्ही तुरी मिळाल्यात. एक माझ्याकडून, एक भास्करकडून. मला कोणाकडून आली असेल? भास्करला कोणाकडून? आम्हा दोघांच्या घराण्यांत सामाईक काय आहे? माझे वडील आणि भास्करची आई. सख्खे भाऊबहीण. पारोळ्याचा फाटा येईपर्यंत मला उत्तर मिळालं होतं, आणि ते कोणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. सासूकडे बोट दाखवायचं म्हणजे वडिलांकडेही दाखवायचं. शिवाय नवी सून, मांडीवर न ऐकणारं पोर, आणि तोंडात कॉलेजातलं शास्त्र. कोण ऐकणार होतं?

आत्यानं आपलं उत्तर कधीच काढून ठेवलं होतं. माझी आई जामनेरकडची. तिकडची बोली वेगळी, तिकडची माणसं आपल्याला पारखी. "तुनी माय जामनेरनी. तिना घरमा काय काय व्हतं, कोनले माहीत," असं ती आधी माझ्यासमोर म्हणाली, मग विहिरीवर म्हणाली, मग गावभर झालं. माझी आई मेहरूणला बसून रडायची. मी आत्याला दोष देत नाही, आता तर मुळीच देत नाही, पण तेव्हा मला तिचा इतका राग यायचा की तिनं वाढलेला घास गिळत नसे. भास्कर चांगला माणूस आहे. पण त्या वर्षी तो दोन बायकांच्या मधून मान खाली घालून शेतात जायचा आणि मान खाली घालून परत यायचा. हे त्यालाही मान्य आहे, म्हणून लिहिते.

भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली होती. मला काही दिवस मेहरूणला नेऊन सोडायचं. काही दिवस म्हणजे किती, हे विचारायची गरज नव्हती. आपल्या गावात तशा दोघी होत्या. एकीच्या जागी दुसरी आली होती आणि पहिलीचं नाव निघायचं बंद झालं होतं. माझी पेटी आत्यानं माळ्यावरून काढून पुसून ठेवली होती. ती पेटी रोज बघत मी भाकरी थापायचे.

आणि पुन्हा कानबाई आली.

कानबाईच्या नैवेद्याला रोटाच्या पोळ्या करायच्या, त्यांच्या गव्हाची आपल्या घरची रीत अशी, की घरातल्या प्रत्येक पुरुषमाणसाच्या नावानं मूठमूठ गहू घ्यायचे. आत्यानं तुमच्या नावानं घेतले, भास्करच्या नावानं घेतले, आणि तिचा हात पाटीवर थांबला. ती दुष्टपणानं थांबली असं मला वाटत नाही. या पोराचं पुढं काय, असं तिच्या मनात आलं असणार. पण सगळ्या बायका बघत होत्या. तेव्हा तुम्ही ओट्यावरून उठून आत आलात, बायकांच्या कामात पुरुषानं यायचं नाही हे विसरून, पाटीत हात घातलात आणि म्हणालात, "हाई दीपकनी मूठ." तुमची मूठ मोठी होती. त्या वर्षी रोट जास्तच झाले.

संध्याकाळी सगळे भाऊबंद रोट खायला बसले. रोट फक्त कुळातल्यांनी खायचा, म्हणून तिथं सगळे आपलेच. थोरल्या काकांनी, म्हणजे तुमच्याहून बऱ्याच धाकट्या चुलतभावानं, विषय काढला, सुनेला सोडून यायचं कधी. मी आतल्या दाराशी होते. तुमचं ताट अजून तसंच होतं. तुम्ही सगळ्यांना म्हणालात, "बठ्ठा आयका. मना वावरमा बाजार भरना व्हता, तो तुम्हीन बठ्ठास्नी दखा. हसनात बी." सगळे पुन्हा हसले. मग तुम्ही त्यांना तूर आणि उडीद सांगितलेत. माझ्यापेक्षा चांगले सांगितलेत, कारण तुम्ही मध्ये मध्ये प्रत्येकाच्या शेताचं आणि बैलाचं नाव घेत होतात. एका बाजूनं काही येत नाही, दोन्हीकडून यावं लागतं. आणि मग म्हणालात, "मना चुलता काशिराम. तुम्हीन कोनी दखेल नही. तो जनमथून बहिरा व्हता. म्हनीसन त्याले सुरतकडे धाडी दिधं. हाऊ दोष आम्हना कुळना शे."

माणसं खायची थांबली. कुळाच्या जेवणात, कुळासमोर, कुळाचा वडीलधारा माणूस कुळात खोट आहे असं सांगत होता. कुळातल्या पोरीबाळींच्या सोयरिकी अजून व्हायच्या होत्या. थोरले काका कसेबसे म्हणाले, पण सुनेकडूनही आलंच ना मग. तुम्ही म्हणालात, "उनं ना. आर्धं सूननाकडथून, आर्धं आम्हनाकडथून. मंग आर्धीच सून धाडानी का माहेरले?"

एकजण हसला आणि मग पुष्कळ जण हसले. रात्रीआधी पेटी माळ्यावर गेली. ती आत्यानंच चढवली.

नाना, त्या दिवशी मी तुमच्या पाया पडले ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही म्हणालात, सणाचं पडतात सगळेच. तसंच समजून घेतलंत. पण ते सणाचं नव्हतं.

मला तेव्हा एकच गोष्ट छळत होती. माझा हिशोब वेगळा होता. काशिरामकाका खरंच बहिरे असतील, तर माझ्या एसटीतल्या उत्तराचं काय? महिन्याभरानं मी मेहरूणला गेले आणि वडिलांना एकटं गाठून विचारलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "आम्हाला एक धाकटा भाऊ होता. सोपान. ऐकू येत नव्हतं त्याला. सहाव्या वर्षी तापानं गेला. आईनं त्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तुझ्या आत्याच्या लग्नात अडचण नको म्हणून." म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं, आणि मला एवढं खरं ठरून एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर मी शेतात तुम्हाला गाठलं. तुम्ही नराच्या ओळीत फुलं खुडत होतात. मी म्हणाले, नाना, माझ्या वडिलांकडे... आणि तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत. हातातली फुलं ओंजळीत सांभाळत एवढंच म्हणालात, "तुनी आत्याले सांगू नको. तिले सोसाव नही." आणि पुढच्या झाडाकडे गेलात. मी तिथंच उभी राहिले. तुम्हाला माहीत होतं. कोणी सांगितलं होतं, कधीपासून माहीत होतं, मी विचारलं नाही. नंतरही कधी विचारता आलं नाही. दोघांनाही कळलेली गोष्ट आपण तेरा वर्षं एकमेकांसमोर झाकून ठेवली, आणि मला वाटतं, आपण दोघं तिच्यामुळे एकमेकांचे जास्त झालो.

आपलं भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवर चाललं, आणि तुम्ही ते न मिटवता गेलात. दीपक तीन वर्षांचा झाला तेव्हा दुसऱ्या मुलाचा प्रश्न आला आणि मी घाबरले होते. तुम्ही म्हणालात, "तूच सांगं ना चारमा एक? एक तर उना. आते तीन चांगला." मी म्हणाले, नाना, तसं नसतं. दर वेळी चारांत एकच, पुन्हा पहिल्यापासून. आधी काय झालं ते दाण्यांना ठाऊक नसतं. तुम्ही म्हणालात, पोत्यातून एक किडका दाणा काढला की पोत्यात किडके कमी होतात, हे कोणालाही कळतं. मी म्हणाले, हे पोतं संपत नाही. तुम्ही म्हणालात, संपत नाही असं पोतं मी पाहिलेलं नाही, तुनी मास्तरकी ऱ्हाऊ दे.

मग वैशाली झाली. तिसऱ्या दिवशी तुम्ही तिच्या पाळण्यामागं पितळी ताट पाडलंत, ती किंचाळून रडली, आणि तुम्ही अंगणात जाऊन एकटेच हसत उभे राहिलात. "दख," तुम्ही मला म्हणालात, "तीनमाहीन एक." मी बाळंतिणीच्या खाटेवरून म्हणाले, हे नशीब आहे, शास्त्र नाही. त्यावर दहा-अकरा वर्षं आपण वाद घातला. प्लॉटमधल्या एका बोंडातल्या सरक्या मोजून मी तुम्हाला दाखवलं, नाणी उडवून दाखवलं. तुम्ही प्रत्येक वेळी शेवटी वैशालीकडे बोट दाखवायचात. या मुद्द्यावर तुम्ही चुकलात, नाना, आणि मी हे आजही मागं घेणार नाही. पण तुमचं चुकणं ऐकून माझी भीती गेली, हेही खरं आहे. तुम्हाला हिशोब बरोबर कळला असता तर कदाचित वैशाली नसती.

दीपकला मूकबधिर शाळेत जळगावला घालायचं तुम्हीच ठरवलंत. आत्या म्हणाली एवढ्या लहान पोराला कुठं ठेवता, तर तुम्ही पहिलं वर्षभर दर शनिवारी एसटीनं जाऊन त्याला घेऊन आलात आणि दर सोमवारी पोचवून आलात. तिथल्या खुणा त्याला शाळा शिकवायची आणि तुम्ही दोघं शेतात तुमच्या वेगळ्या खुणा शिकायचात. आत्याची खूण नाकाला बोट. माझी खूण फळ्यावर लिहिणं. भास्करची खूण मान खाली. भास्करनं ती पाहिली तेव्हा तो आधी रागावला आणि मग जोरात हसला, आणि त्यानंतर मला वाटतं त्याची मान थोडी वर आली. तुमची खूण दीपकनं बनवली होती. दोन्ही हातांनी कान पकडायचे. ही खूण कशावरून आली हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यानं फक्त तुमचे मोठे कान पाहिले होते. तुम्ही गेलात त्या दुपारी तो तुमच्या उशाशी बसून पुन्हा पुन्हा ती खूण करत होता आणि मी त्याला थांबवलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

तेराव्याला अक्का बोलायला लागल्या. तुमची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची, अजून दात शाबूत. सासरी गेलेल्या लेकी रोटाला नसतात, आणि त्या दिवसानंतर घरात तो विषय कोणी काढला नव्हता, त्यामुळे तुम्ही काय सांगितलं होतं ते अक्कांच्या कानावर कधी गेलंच नव्हतं. बायका तुमच्या आठवणी काढत होत्या. थोरल्या काकू डोळे पुसत म्हणाल्या, नानांचं मन किती मोठं, बहिऱ्या काशिरामकाकाचं भर पंगतीत सांगितलं, काही लपवलं नाही.

अक्कांनी सुपारी कातरता कातरता वर पाहिलं. "कोन बहिरा? काशिरामकाका?" त्या म्हणाल्या. "कोन सांगस? तो जव्हय गाये तव्हय अंजनी नदीना पलीकडला लोके उठी बसेत. त्यानं तोंड बंद व्हये नही म्हनीसन तर बापनी त्याले सुरतले धाडं."

नाना, खोलीत पंधरावीस बायका होत्या. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तेरा वर्षं मी अर्धवट ओळखून होते आणि तरी ते ऐकून मी तांब्या खाली ठेवला. तुमच्या घराण्यात काही नव्हतं. तुमच्याकडून आमच्या पोराला काही आलेलं नव्हतं. तुम्ही एका चांगल्या गळ्याच्या माणसाला बहिरं करून त्याचा दोष स्वतःच्या कुळावर घेतलात, एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला आत्या, दोघींना पाठीशी घालून. मला वाटलं, आता मी बोललं पाहिजे. तुमचं खोटं सांभाळायचं काम माझ्यावर आलंय. मी तोंड उघडलं, "अक्का, तो दुसरा कोणी..."

आत्यानं माझा हात धरला आणि मला खाली बसवलं.

"दुसरा नही," आत्या म्हणाली. पांढऱ्या कपाळानं ती भिंतीला टेकून बसली होती, तिचा आवाज मात्र स्वच्छ होता. "अक्का, काशिरामकाका बहिरा नही व्हता. बहिरा मना भाऊ व्हता. सोपान. दीपकना डॉक्टरनी सांगं, त्या दिनले मी यासले सांगी दिधं. त्यास्नी माले सांगं, तू गप ऱ्हाय, मी दखस." मग ती माझ्याकडे वळली. सगळ्या बायकांसमोर. "तुनी मायले मी नावं ठेवी. तेरा वरीस. तिना घरमा काई नव्हतं. मना घरमा व्हतं. आपला घरमा."

म्हणजे दीपकला हे कुठून आलं ते तीही जाणत होती. आपण तिघंही जाणत होतो, नाना. एका घरात, एका चुलीवर, प्रत्येक जण दुसऱ्याला सोसणार नाही म्हणून गप्प. आत्या नंतर माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मी माझ्या आत्याच्या गळ्यात पडून रडले, सासूच्या नाही. खूप वर्षांनी. अक्कांना नीटसं काही कळलं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, बिचारा काशिराम, गाता गळा आणि बहिरा म्हणून बदनाम.

दुसऱ्या दिवशी आत्यानं भास्करला बरोबर घेतलं आणि मेहरूणला गेली. माझ्या आईपाशी बसून तिनं काय सांगितलं ते दोघींपैकी कोणी मला सांगत नाही. आई मात्र आज सकाळी इथं आली आहे, तेरा वर्षांनी पहिल्यांदा, आणि आत्ता आतल्या खोलीत दोघी मिळून कशावरून तरी वाद घालताहेत. जामनेरची आणि एरंडोलची बोली एकदम चालू आहे आणि मला एकही शब्द कळेना.

सुनेनं सासऱ्याचे आभार मानायची आपल्याकडे रीत नाही. म्हणून तेरा वर्षांत मी मानले नाहीत, आणि तुम्ही मानू दिले नसते. आज मानते. तुम्ही एक खोटं बोललात आणि त्या खोट्याच्या आडोशाला माझा संसार झाला, माझी मुलं वाढली, आणि आत्याला स्वतःच्या तोंडानं खरं बोलायला जेवढा वेळ लागायचा होता तेवढा मिळाला. तिला थोडा जास्त लागला, तुम्ही थांबायला हवं होतं. पुढच्या कानबाईला भाऊबंद रोटाला बसतील तेव्हा सगळ्यांसमोर खरं सांगायचं, असं आत्यानं आणि मी ठरवलं आहे. तुमच्या कुळाला त्याचं नाव परत देऊ, आणि काशिरामकाकाला त्याचा आवाज.